विश्लेषण : जुनी आलिशान ‘स्टेशन वॅगन’ स्वस्तात मिळते, पण परवडते का?

दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल आणि पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा आदेश १ जुलै २०२५ पासून लागू झाला आणि अवघ्या काही दिवसांत तो पुढे ढकलावा लागला. त्या गोंधळातली एक बातमी मात्र अनेकांच्या लक्षात राहिली. सुमारे ८४ लाखांना घेतलेली मर्सिडीज एका मालकाने अडीच लाखांना विकली! ती एसयूव्ही होती. पण त्यानंतर जुन्या आलिशान गाड्यांच्या जाहिराती पाहणाऱ्यांची नजर आणखी एका प्रकारावर जाऊ लागली. तो प्रकार म्हणजे स्टेशन वॅगन. लांबलचक, मागे प्रशस्त सामानकक्ष, चालवायला सेदानसारखी आणि वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात गिऱ्हाईक कमी, म्हणून भावही पडलेला. ‘एवढ्या पैशांत नवी हॅचबॅक येते, त्यापेक्षा हीच घेऊ’ असा मोह पडतो. या मोहात न दिसणारा खर्च कोणता, हे समजून घेणे गरजेचे आहे.

स्टेशन वॅगन भारतात का रुजली नाही?

सेदानचे छप्पर मागच्या टोकापर्यंत ओढून डिकी आणि बसायची जागा एक केली, की झाली स्टेशन वॅगन. युरोपात, विशेषतः जर्मनी आणि स्वीडनमध्ये, हा कुटुंबाचा आवडता प्रकार. जर्मनीत तर मर्सिडीज ई-क्लासच्या वॅगन वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावल्या. आपल्याकडे मात्र हा प्रयोग पुन्हा पुन्हा फसला. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ आणली. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, ओपेलची कोर्सा स्विंग, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, टाटांचीच इंडिगो मरिना अशा गाड्या आल्या आणि गेल्या. आपल्या ग्राहकाला मागे डिकीचा स्वतंत्र खोका हवा होता, किंवा मग उंच एसयूव्ही हवी होती. वॅगन ही ‘सामानाची गाडी’ वाटली.

आलिशान गटातले दोन प्रयत्न अलीकडचे. व्हॉल्व्होने जुलै २०१७ मध्ये ‘व्ही९० क्रॉस कंट्री’ ६० लाख रुपयांना, तर मर्सिडीजने सप्टेंबर २०१८ मध्ये ‘ई-क्लास ऑल-टेरेन’ ७५ लाखांना आणली. दोन्ही किमती एक्स-शोरूम. दोन्ही डिझेल, चारही चाकांना ताकद देणाऱ्या आणि एसयूव्हीच्या चाहत्यांना वळवण्यासाठी जमिनीपासून थोड्या उंच केलेल्या. मोजक्याच विकल्या गेल्या. पहिली खेप आता आठ-नऊ वर्षांची होत आहे, म्हणजे आलिशान गाडीच्या आयुष्यातला नेमका तो टप्पा जिथे पहिल्या मालकाचा उत्साह संपतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा खर्च सुरू होतो.

किंमत इतकी का कोसळते?

पहिले कारण साधे आहे. ज्याच्याकडे नव्या गाडीला ७५ लाख आहेत, तो जुनी घेत नाही आणि ज्याच्याकडे १५ लाख आहेत, तो दुरुस्तीच्या बिलाला घाबरतो. मधला ग्राहक थोडा आहे. त्यात सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीची रचना बदलली. मोठ्या गाड्यांवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर उपकर मिळून कराचा भार ५० टक्क्यांपर्यंत जात असे, तो आता ४० टक्के आहे. नवी गाडी स्वस्त झाली, की जुन्या गाडीचा भाव आपोआप खाली येतो.

दुसरे कारण दिल्लीचे. देशातील आलिशान गाड्यांचा मोठा बाजार तिथे आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये डिझेलसाठी दहा, पेट्रोलसाठी पंधरा वर्षे ही मर्यादा कायम केली. इंधनबंदीचा वाद पेटल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने निव्वळ वयाच्या आधारे सक्तीची कारवाई करू नका, असे सांगितले. डिसेंबर २०२५ मध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित करण्यात आले. म्हणजे २०१७ ची डिझेल वॅगन २०२७ मध्ये दहा वर्षांची झाली तरी लगेच भंगारात जाणार नाही. पण नियम इतक्या वेळा बदलले, की दिल्लीतला मालक धोका पत्करण्याऐवजी गाडी परराज्यात विकून मोकळा होतो. या गाड्या महाराष्ट्रातही येतात आणि इथला ग्राहक दिल्लीच्या अनिश्चिततेची सूट मिळवतो. इथपर्यंत व्यवहार फायद्याचाच दिसतो.

मग अडचण नेमकी कुठे आहे?

गाडीची किंमत पडते, तिच्या सुट्या भागांची पडत नाही. पंधरा लाखांना घेतलेल्या ऑल-टेरेनचा हेडलाइट हा ७५ लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो. मजुरीही त्याच दराने लागते. जुनी आलिशान गाडी घेणारा खरेदीची किंमत कमी देतो, पण सांभाळण्याची किंमत पूर्ण देतो. शिवाय ज्या वर्षांत काहीच बिघडत नाही ती पहिल्या मालकाने उपभोगलेली असतात.

हे पुढे कसे घडते, याचा अंदाज बांधायला २००३ ते २००९ या काळातल्या ई-क्लास वॅगनचे उदाहरण उपयोगी पडते. तिचा कारखान्यातला क्रमांक एस२११. ती आता पंधरा वर्षांहून जुनी आहे, जगभरात भरपूर विकली गेली आणि तिचे सगळे गुणदोष मेकॅनिकांना पाठ झाले आहेत. त्याच पिढीची सेदान तर पुण्यातच जुळवली जात होती, त्यामुळे पिंपरी-चिंचवड आणि मुंबईतल्या जाणत्या गॅरेजवाल्यांनाही ही दुखणी परकी नाहीत.

सकाळी गाडी मागून ‘बसलेली’ का दिसते?

वॅगनचे हे सर्वांत ओळखीचे दुखणे. मागे सामान भरले की गाडीचे बूड खाली जाऊ नये, म्हणून आलिशान वॅगनमध्ये मागच्या चाकांना पोलादी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी फुगे असतात. एस२११ वॅगनला ते मागे सर्रास होते, तर सेदानच्या अनेक आवृत्त्यांना साध्या स्प्रिंग. भारतातल्या ऑल-टेरेनला तर चारही चाकांना हवेचे सस्पेन्शन आहे. नवी असताना ही गाडी खड्ड्यांवरून तरंगत जाते. वयाबरोबर रबराला बारीक चिरा पडतात, हवा रात्रभर हळूहळू निघून जाते आणि सकाळी गाडी उंदीर पकडायला बसलेल्या मांजरासारखी मागून खाली गेलेली दिसते. इंजिन सुरू केले की कॉम्प्रेसर हवा भरतो, गाडी वर येते आणि मालक निश्चिंत होतो.

खरा तोटा इथेच होतो. थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला कॉम्प्रेसर गळती भरून काढण्यासाठी वारंवार चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. कधी त्याचा रिले चिकटतो आणि तो बंदच होत नाही. अनेक जण मग फक्त कॉम्प्रेसर बदलतात, फुगे तसेच राहतात आणि नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. फुगा वेळेवर बदलला असता तर निम्म्याहून कमी खर्चात भागले असते.

ऑडीची २००० च्या सुमारास आलेली ‘ऑलरोड’ ही याच दोषासाठी जगभर बदनाम झाली. चार उंचींवर वर-खाली होणारे तिचे सस्पेन्शन कौतुकाचा विषय होते. जमिनीपासूनची उंची १४२ मिलिमीटरपासून २०८ मिलिमीटरपर्यंत बदलायची. गाड्या जुन्या झाल्यावर असंख्य मालकांनी ते सगळे काढून साध्या स्प्रिंग बसवल्या. तिच्या २.७ लिटरच्या पेट्रोल इंजिनातले दोन टर्बो बदलायचे तर बहुधा इंजिनच खाली उतरवावे लागते. अमेरिकेत आणि युरोपात या गाड्या अगदी किरकोळ भावात विकल्या गेल्या त्या उगाच नव्हे.

इंजिनात नेमके काय बिघडते?

एस२११ च्या काळातील मर्सिडीजच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात, म्हणजे एम२७२ मध्ये, कंप कमी करण्यासाठी एक बॅलन्स शाफ्ट असतो. २००४ ते २००८ दरम्यानच्या अनेक इंजिनांत त्याचे दाते अकाली झिजले. टायमिंग सरकते, इंजिनाचा दिवा लागतो. सुटा भाग तसा फार महाग नाही, पण तिथपर्यंत पोहोचायला इंजिन बाहेर काढावे लागते. त्याच काळातल्या ३ लिटर डिझेलची, ओएम६४२ ची, गोष्ट आणखी बोलकी आहे. दोन सिलिंडर-रांगांच्या मधल्या खोबणीत ऑइल कूलर बसवलेला आहे. त्याची रबरी सील उष्णतेने कडक होतात आणि तेल झिरपू लागते. सील म्हणजे दोन छोट्या चकत्या. मात्र त्या बदलायला टर्बो आणि इनटेकची सगळी जोडणी सुटी करावी लागते. बिलावर भागाची रक्कम तीन आकडी किंवा फार तर चार आकडी आणि मजुरी पाहून डोळे विस्फारतात. कंपनीने पुढे या सीलचे रबर बदलले, त्यामुळे एकदा काम झाले की बहुधा पुन्हा करावे लागत नाही. जुनी गाडी पाहताना ‘हे काम झाले आहे का, बिल दाखवा’ एवढा एक प्रश्न काही लाखांचा अंदाज देतो.

व्हॉल्व्होच्या बाबतीतली नोंद सार्वजनिक आहे. जुलै २०१९ मध्ये कंपनीने २०१४ ते २०१९ दरम्यानच्या २ लिटर डिझेल गाड्यांपैकी जगभरातल्या सुमारे ५ लाख ७ हजार गाड्या परत बोलावल्या. इंजिनाचा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड वितळून आग लागण्याची शक्यता होती. त्या यादीत व्ही९० चेही नाव होते. भारतातली गाडी घेताना तिच्या चासी क्रमांकावरून असे कोणते काम बाकी आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात विचारता येते. ते काम कंपनीच्या खर्चाने होते, मालक कितवा हा प्रश्न तिथे नसतो.

बीएस-६ डिझेलचे दुखणे वेगळे. काजळी गाळणारा फिल्टर स्वच्छ व्हायला गाडी अधूनमधून बराच वेळ, चांगल्या वेगात पळावी लागते. ठाण्याहून बीकेसीला रोज तासभर रखडणाऱ्या गाडीला ते मिळत नाही. फिल्टर तुंबतो, ताकद कमी होते, सेन्सर तक्रार करू लागतात. आठवड्याला एकदा पुणे-कोल्हापूर करणाऱ्याला हीच गाडी कुरकुर न करता साथ देते. म्हणजे गाडीची प्रकृती तिच्या किलोमीटरपेक्षा ते किलोमीटर कुठे झाले यावर ठरते. ‘फक्त तीस हजार किलोमीटर, शहरातच वापरलेली’ ही जाहिरात डिझेलच्या बाबतीत शिफारस नसून सावधगिरीची सूचना आहे.

ब्रेक आणि वायरिंगचे काय?

एस२११ च्या पहिल्या काही वर्षांत मर्सिडीजने ‘सेन्सोट्रॉनिक’ ही ब्रेकची इलेक्ट्रॉनिक पद्धत वापरली होती. पायाच्या दाबाचा संदेश संगणकाला जातो आणि उच्च दाबाचा पंप ब्रेक लावतो. २००४ मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या त्यातल्या दोषासाठी परत बोलावण्यात आल्या, २००५ मध्ये इतर दोषांसह १३ लाख गाड्यांना पुन्हा बोलावणे गेले आणि २००६ च्या सुधारित ई-क्लासमधून ही पद्धत काढूनच टाकली गेली. या पंपाचे आयुष्य मोजलेले असते. ते संपले की पडद्यावर इशारा येतो आणि पूर्ण युनिट बदलावे लागते. साधे ब्रेक पॅड बदलायचे तरी आधी स्कॅनर लावून ही प्रणाली निष्क्रिय करावी लागते. नाही तर ती स्वतःची चाचणी घेण्यासाठी अचानक दाब देते आणि फिटरची बोटे चिरडू शकते. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ‘बघतो की’ म्हणून करण्यासारखे हे काम नाही.

वायरिंग हा वॅगनचा खास कच्चा दुवा. मागच्या मोठ्या दरवाजात काचेचा वायपर, डिफॉगर, कुलूप, दिवे, कधी अँटेना, कॅमेरा असे सगळे असते आणि त्या सगळ्यांच्या तारा बिजागरीतून जातात. दरवाजा हजारो वेळा उघड-बंद झाला की तारा तिथेच वाकून तुटतात. बीएमडब्ल्यूच्या २००४ ते २०१० च्या ५ सीरिज टुरिंगमध्ये हे इतके नेहमीचे आहे, की डिकी आपोआप उघडणे, रिमोट न चालणे, रेडिओ जाणे या तिन्ही तक्रारींचे मूळ एकाच बोटभर जागेत सापडते. त्याच गाडीच्या काचेच्या छताला पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या आहेत. त्या पानाकचऱ्याने तुंबल्या की पाणी आत उतरते आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साठते. हवेच्या सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर आणि काही इलेक्ट्रॉनिक खोकी नेमकी तिथे! जर्मनीच्या पावसात हे होते, तर काचेचे छत असलेली वॅगन चिपळूण किंवा पनवेलच्या पावसाळ्यात उघड्यावर उभी करणाऱ्याने त्या नळ्या दर मे महिन्यात साफ करून घेतल्या पाहिजेत. खर्च नाममात्र आहे.

सुटे भाग मिळतात का?

इंजिन आणि गिअरबॉक्सचे बऱ्याच अंशी मिळतात. व्ही९० चे २३५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन भारतात विकल्या गेलेल्या एक्ससी९० मध्येही होते. ऑल-टेरेनची पुढची बाजू आणि इंजिन ई-क्लासच्या कुटुंबातलेच. पण मागे सरकत गेलो की परिस्थिती बदलते. भारतात चाकणमध्ये बनलेली त्या पिढीची ई-क्लास सेदान लांब व्हीलबेसची होती, मागच्या प्रवाशाला पाय पसरता यावेत म्हणून. ऑल-टेरेन नेहमीच्या व्हीलबेसची, थेट आयात केलेली. त्यामुळे रस्त्यावर इतक्या ई-क्लास दिसत असूनही सेदानचा मागचा दरवाजा ऑल-टेरेनला बसत नाही. मागची काच, मागचे दिवे, मागचा दरवाजा, छताचे रेलिंग हे सगळे परदेशातून मागवावे लागते. कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या जुन्या मालात सेदानचे भाग मिळतील. मोजक्याच गाड्या आलेल्या वॅगनचे मिळणे हा नशिबाचा भाग. आणि जुने इलेक्ट्रॉनिक खोके मिळाले तरी काम भागत नाही. ते मूळ गाडीच्या क्रमांकाशी जोडलेले असते आणि नव्या गाडीत ओळख पटवून द्यायला कंपनीच्या प्रणालीची गरज लागते.

त्यातल्या त्यात दिलासा म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. आयात शुल्क आणि विमानाने मागवण्याचा खर्च मात्र आहेच. गाडी चार-सहा आठवडे गॅरेजमध्ये ‘पार्ट येतोय’ म्हणून उभी राहू शकते. ज्याच्याकडे रोजच्या वापराला दुसरी गाडी नाही, त्याच्यासाठी टॅक्सीचे भाडेही या गाडीच्याच खर्चात धरावे लागेल.

विमा असताना चिंता कशाला?

विम्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, विमा झीज किंवा यांत्रिक बिघाडाचे पैसे देत नाही. वर सांगितलेल्या फुगे, सील, बॅलन्स शाफ्ट यांपैकी एकही गोष्ट त्यात बसत नाही. दोन, अपघात झाला तरी सर्व रक्कम मिळत नाही. प्रचलित नियमांनुसार रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, टायर आणि एअरबॅगच्या किमतीतून ५० टक्के घसारा वजा होतो. धातूच्या भागांवर गाडी ५ ते १० वर्षांची असेल तर ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के. काचेवर घसारा नाही. ‘झिरो डेप’ हे पूरक संरक्षण जुन्या गाड्यांना सहसा मिळत नाही.

उदाहरण घेऊ. आठ वर्षांच्या गाडीला पुढून धडक बसली आणि बिल ६ लाखांचे झाले, त्यात २ लाखांचे प्लॅस्टिक-रबर, ३ लाखांचे धातूचे भाग, १ लाख मजुरी. मालकाच्या खिशातून १ लाख अधिक १ लाख २० हजार, म्हणजे २ लाख २० हजार जातात, बाकीचे विमा कंपनी देते. यापेक्षा मोठी धडक असेल तर प्रश्न आणखी वेगळा. गाडीचे विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही, पाच वर्षांनंतर कंपनी आणि ग्राहक संमतीने ठरवतात. ते १५ लाख असेल आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे सव्वा अकरा लाखांवर गेला, तर गाडी पूर्ण निकामी समजली जाते. दोन एलईडी हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, चार एअरबॅग आणि एक सस्पेन्शनचा कोपरा इतक्यात ही गाडी त्या आकड्याच्या जवळ जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ती दुरुस्त होण्यासारखी वाटत असते. प्रीमियम वाचवण्यासाठी आयडीव्ही मुद्दाम कमी लावून घेण्याची सवय इथे अंगाशी येते.

परराज्यातली गाडी आणली तर?

दिल्लीच्या गाडीसाठी तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि बारा महिन्यांच्या आत इथे पुन्हा नोंदणी करावी लागते. महाराष्ट्राचा वाहनकर तुम्ही कितीला गाडी घेतली यावर नसून तिच्या मूळ किमतीवर, वयानुसार सवलत देऊन, आकारला जातो. त्यामुळे १५ लाखांच्या व्यवहारात कराची रक्कम ७५ लाखांच्या हिशेबाने निघते. दिल्लीत भरलेल्या करातला उरलेला भाग परत मागता येतो, पण तो अर्ज मूळ मालकाच्या सहकार्याशिवाय पुढे सरकत नाही. व्यवहार पूर्ण होण्याआधीच हे लेखी ठरवून घेतलेले बरे.

पुढचा खर्च पंधराव्या वर्षी येतो. साध्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला ५ हजार रुपये लागतात, आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर वीस वर्षे उलटलेल्या गाड्यांसाठी हेच आकडे १० हजार आणि ८० हजार झाले आहेत. थेट आयात केलेल्या वॅगन या दुसऱ्या गटात मोडतात.

मग वर्षाला खर्च किती धरावा?

इंधनाचा अंदाज सोपा आहे. वर्षाला १० हजार किलोमीटर, लिटरला १२ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर ७५ हजार रुपये. नवी मध्यम आकाराची एसयूव्हीही याच्या फार मागे नसते. म्हणजे ज्या आकड्याची चर्चा सर्वांत जास्त होते, तोच सर्वांत कमी त्रासदायक आहे. तेल-फिल्टरची नेहमीची सर्व्हिस, टायर, ब्रेक यांचे दर आधी विचारून ठेवता येतात. प्रश्न उरतो तो न सांगता येणाऱ्या बिलाचा. या लेखकाच्या मते खरेदीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश इतकी रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये आणि कर्ज काढून तर मुळीच नाही. कारण हप्ता आणि गॅरेजचे बिल एकाच महिन्यात आले, की गाडी निम्म्या किमतीत विकणे एवढाच मार्ग राहतो. बाजारात येणाऱ्या अनेक ‘अर्जंट सेल’ जाहिरातींमागे हीच गोष्ट असते.

याचा अर्थ वॅगन कोणी घेऊच नये असा नाही. कुटुंब, दोन कुत्री, सायकली आणि गणपतीला गावी जायचे सामान एकाच गाडीत घालून घाटातून सेदानसारखी वळणे घेणारी दुसरी गाडी सापडणे कठीण आहे. व्ही९० चे उत्पादनही २०२५ मध्ये थांबले. युरोपातही हा प्रकार एसयूव्हीपुढे मागे पडत चालला आहे. हौसेला मोल असते, फक्त ते आधी मोजून ठेवावे लागते.

पाहायला जाताना काय करावे?

अधिकृत केंद्रातला सर्व्हिसचा संपूर्ण इतिहास मागावा. तो नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी पुढे जाण्यात अर्थ नाही. त्या बनावटीचा स्कॅनर असलेल्या मेकॅनिकला सोबत न्यावे आणि नुकतेच सगळे ‘एरर’ पुसलेले आहेत का, हे त्याला तपासायला सांगावे. स्टेपनीच्या जागेवरचे झाकण उचलून खाली हात फिरवावा. ओल, गंज किंवा चिखलाची रेघ लगेच कळते. मागचा दरवाजा दहा वेळा उघडून बंद करावा. आणि विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे, की गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवा आणि मी येईपर्यंत सुरू करू नका. सकाळी पोहोचल्यावर आधी मागच्या दोन्ही चाकांच्या वरची फट बोटांनी मोजावी. दोन्हीकडची सारखी नसेल, किंवा बॉनेटला हात लावल्यावर ते कोमट लागले, तर पुढची बोलणी वेगळ्या आकड्यापासून सुरू करावीत.